सीट जरा खाली

लखनौच्या रस्त्यांवर मी जिच्यावर बसून हिंडत असे तिला गाडी म्हणणं हा निव्वळ माझ्या मनाचा मोठेपणा होता. ती मोपेड होती. सायकलीला रात्री आपण मोटार झाल्याचं स्वप्न पडावं आणि ते अर्ध्यातच मोडावं, तसं तिचं रूप. सुरू करायला पेडल मारायचं, चढ आला की पेडल मारायचं, आणि पेट्रोल संपलं की घरापर्यंत पेडलच मारायचं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बडे बाबू बसत. ते खिडकीतून मला येताना बघायचे आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "लीजिए, महाराष्ट्र का मच्छर आ गया!" गाडीच्या आवाजावरून. मीही मोपेड स्टँडला लावून, कमरेत वाकून, सगळ्या खिडक्यांना ओळीनं सलाम ठोकायचो. टाळ्यांचा भुकेला माणूस मी. मच्छर तर मच्छर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका सरकारी कंपनीनं मला साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावातून उचलून लखनौत आणून ठेवलं होतं. राहायला तेलीबागेत, एका मालकीणबाईंच्या घरात, एक खोली आणि पुढं पडवी. तेव्हाचं तेलीबाग म्हणजे शहर संपल्यावर मागं उरलेली जागा. दोन घरं, मग मोहरीचं शेत, मग पुन्हा दोन घरं. माझी बायको गावाकडेच होती. मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवायची. दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत ती लखनौला यायची, एरवी मी एकटा.

एकटा म्हणजे किती एकटा, हे सांगायला एकच गोष्ट पुरे. माझ्या आडनावात 'ळ' आहे. लखनौनं पहिल्याच आठवड्यात तो काढून घेतला आणि त्या जागी गुळगुळीत 'ल' बसवून दिला. मी तक्रार केली नाही. पण पुढं काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून झोपेपर्यंत आपल्या तोंडून एकदाही 'ळ' निघत नाही. जीभ तिकडे वळायचीच विसरायला लागली. मग मी स्वयंपाक करताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "डाळ. तांदूळ. गूळ. केळी. जाळ कमी करा, करपेल सगळं!" शेजारच्या खोलीतला विद्यार्थी दारात येऊन विचारायचा, "अंकल, कोई आया है क्या?" मी म्हणायचो, "हाँ भैया, मेहमान हैं." तो बिचारा आत डोकावून जायचा.

हे असं चाललं असताना त्या दिवाळीत बायको आली, आणि मोपेडनं माझी अब्रू घेतली. तेलीबागेतून शहरात जायचं तर वाटेत रेल्वेवरचा पूल लागायचा. मी एकटा असलो की पेडल मारत, पुढं झुकत, गाडीला 'चल ग बाई' करत चढून जायचो. पण मागं ती बसली की पुलाच्या पायथ्याशीच मोपेड खोकायला लागायची. ती मागून शांतपणे विचारायची, "उतरू का?" मी म्हणायचो, "छे, छे, जाईल ती." दोन विजेचे खांब मागं पडेपर्यंत मोपेड थांबल्यात जमा. मग ती उतरायची, पर्स खांद्याला लावायची आणि चालायला लागायची. मी पेडल मारत तिच्या मागून. पुलाच्या माथ्यावर ती माझ्या आधी पोचायची आणि कठड्याला टेकून उभी राहायची. ट्रकवाले माना बाहेर काढून बघायचे. एक तर म्हणाला, "बहनजी, आप ही साहब को बिठा लीजिए!"

सुट्टी संपवून जाताना ती चारबाग स्टेशनच्या फलाटावर म्हणाली, "मेमध्ये येते. तेव्हा ठरवू."

ठरवायचं काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. शाळा सोडून तिनं कायमचं लखनौला यायचं की नाही, हे. माझी बदली होणं त्या काळात अवघड होतं, आणि माझ्या खात्यात तर अशक्यच. तेव्हा येणार तर तीच. आणि माझ्या डोक्यानं, खोलीत एकटं बसून बसून, या सगळ्याचं एक पक्कं गणित मांडलं होतं. बायको लखनौत राहील की नाही हे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: पुलावर तिला उतरावं लागतं की नाही. हसू नका. एकटा माणूस अशीच गणितं मांडतो, आणि ती तपासायला घरात दुसरं कोणी नसतं.

म्हणून मी मोठी स्कूटर घ्यायचं ठरवलं.

नवी स्कूटर हा विषयच नव्हता. तेव्हा नव्या स्कूटरला नंबर लावायचा आणि म्हातारपणाची वाट बघत बसायचं. जुनी घ्यायची तर लालबागेत जा, असं बडे बाबूंनी सांगितलं. आपलं गिरणगावातलं लालबाग नव्हे. लखनौतही एक लालबाग आहे, आणि तिथं गल्लीगल्लीत गाड्यांचे मिस्त्री बसतात. त्यातला एक मिस्त्री जुन्या स्कूटर दुरुस्त करून विकायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. गोल, प्रसन्न माणूस, गालात कायम पान. बोलायच्या आधी तो वर बघून पानाचा रस सांभाळायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य आभाळाची परवानगी घेऊन आल्यासारखं वाटायचं.

त्याच्याकडे दोन स्कूटर होत्या. एक आकाशी रंगाची, सडपातळ, कॉलेजातल्या कुणा पोराची. दुसरी राखाडी, अंगानं भरलेली, एका डॉक्टरांनी वापरलेली. आकाशी मला बघताक्षणी आवडली. तिच्यावर बसलो की मी आरशात दहा वर्षांनी लहान दिसत होतो. पण मला आरशाशी संसार करायचा नव्हता. मला पूल चढायचा होता, तोही मागं माणूस बसवून. आणि माणूस तर हजार मैलांवर वर्गात बसून मुलींना समास शिकवत होतं.

तेव्हा मला युक्ती सुचली. मी धान्याच्या दुकानात गेलो आणि गव्हाचं पोतं मागितलं.

"कितना?" दुकानदार म्हणाला.

आता आली का पंचाईत! बायकोचं वजन मला माहीत नव्हतं, आणि पत्रानं विचारून घेण्याइतका मी शूर नव्हतो. मी हातानं उंची दाखवली. "इतना ऊँचा. और बदन, समझिए, न दुबला न मोटा. दरमियाना."

दुकानदारानं तराजू खाली ठेवला. "बाबूजी, गेहूँ चाहिए कि रिश्ता?"

शेवटी माझ्या अंदाजानं एक पोतं भरलं, तोंड नीट शिवून घेतलं आणि रिक्षात माझ्या शेजारी बसवून लालबागेत आणलं. उस्तादनं पोत्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "ये क्या है, साहब?"

इथं सरळ सांगायला हवं होतं. पण समोर चार माणसं उभी, सगळ्यांची नजर माझ्यावर. असा प्रसंग मी वाया कसा घालवणार? मी पोत्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "उस्ताद, ये हमारी जान है. जो गाड़ी इसे लेकर पुल चढ़ेगी, वही हमारी."

"वाह!" चौघंही म्हणाले. उस्तादनं स्वतःच्या हातानं पोतं आकाशी स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधलं.

आकाशी निम्मा पूल फार डौलात चढली. मग तिचा आवाज बारीक झाला, पोतं डावीकडे कलंडलं आणि मी भर रस्त्यात एका हातानं हँडल आणि एका हातानं गहू सावरत उभा राहिलो. ट्रकवाले आजही होतेच. आकाशी नापास.

राखाडी मात्र निराळ्याच घराण्यातली. पोतं मागं बसवलं, किक मारली, आणि ती घसा खाकरून अशी काही चालायला लागली की जणू पूल आहे हे तिला कोणी कळवलंच नव्हतं. चढ सुरू झाला. गिअर बदलला. विजेचा पहिला खांब गेला, दुसरा गेला. बायको उतरायची ती जागा आली आणि गेलीसुद्धा. माथ्यावर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली. खालून मालगाडी चालली होती. मी मागं वळून पाहिलं. पोतं जागच्या जागी बसलं होतं, ताठ, जरासं गंभीर. इतका आनंद झाला होता, आणि तो दाखवायला एवढंच समोर होतं.

परत येऊन मी राखाडी पसंत असल्याचं जाहीर केलं. एकच अडचण होती. तेव्हाच्या स्कूटरना पुढं एक आणि मागं एक अशा दोन वेगळ्या सीट असायच्या. डॉक्टरांच्या या स्कूटरची मागची सीट मोठ्या स्प्रिंगांवर उंच बसवलेली होती, अंबारीसारखी. माझी बायको ठेंगणी. साडीत, दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसणारी. एवढ्या उंचावर तिचे पाय लोंबकळले असते. सीट थोडी खाली घ्यायला हवी होती.

आणि त्या आनंदाच्या भरात, ज्या हिंदीबद्दल मी बडे बाबूंपुढं मिशीला पीळ भरायचो त्या हिंदीत, मी उस्तादला म्हणालो, "बस एक काम कीजिए. पीछे की सीट ज़रा खाली कर दीजिए."

"खाली?"

"हाँ, खाली. जितनी हो सके."

उस्तादनं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. "हो जाएगा, साहब. ऐसी खाली करेंगे कि आप याद करेंगे."

त्याचं दुसरं वाक्य मात्र शब्दशः खरं ठरलं.

गाडी ताब्यात यायची होती बायको येण्याच्या आदल्या दिवशी. उस्ताद म्हणाला, "कल." म्हणजे ज्या दिवशी सकाळी तिची गाडी चारबागला लागणार त्याच सकाळी मी लालबागेत हजर. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, खिशात अत्तराचा फाया. उस्तादनं स्कूटरवर चादर टाकून ठेवली होती. माझ्यासारखाच तोही नाटकी माणूस. चार जणांना हाक मारून त्यानं जमवलं आणि चादर ओढली.

राखाडी चकचकत होती. हँडलला झेंडूची माळ. पुढची सीट नवी शिवलेली. आणि मागं सीट नव्हती. मागं होतं लोखंडी पट्ट्यांचं भक्कम कॅरिअर, चार कोपऱ्यांना चार आकडे, दोरी अडकवायला.

"सीट?" मी विचारलं.

"खाली कर दी!" उस्ताद म्हणाला. "अब दो बोरी रखिए, तीन रखिए. चक्की है न आपकी?"

"अरे, मगर सीट कहाँ गई?"

"वो तो परसों एक साहब कानपुर ले गए. आप ही ने फरमाया था, साहब, पीछे की सीट खाली करो. हमने सोचा, अकेले आदमी हैं, बोरी ढोते हैं, सीट का क्या काम."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे 'खाली' म्हणजे 'वर'च्या उलट. तिकडे 'खाली' म्हणजे रिकामं. इतकी वर्षं तो शब्द मी रोज ऐकत होतो, खाली बस, खाली बोतल, खाली कमरा. बरोबर वापरतही होतो. नेमका त्या दिवशी, मागं कोण बसणार याच विचारात असताना, तोंडून घरचा शब्द निघून गेला. आणि शंभर टक्के पाळला गेला.

भांडायला वेळ नव्हता. गाडी स्टेशनात येत असणार. मी माळेसकट चारबागला निघालो. मागचं कॅरिअर प्रत्येक खड्ड्यात खडखडत होतं.

ती एक ट्रंक, एक पिशवी आणि प्रवासानं आंबलेला चेहरा घेऊन बाहेर आली. मी हमालाला पुढं घालून तिला स्कूटरपर्यंत आणलं आणि हात पसरून उभा राहिलो. तिनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मागं आली, थांबली.

"अहो, मी कुठं बसायचं?"

मी सगळं सांगितलं. गव्हाचं पोतं, हमारी जान, खाली. ती ट्रंकेवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हमालही हसला, काही न कळता. "मराठीच्या बाईंचा नवरा आणि एक क्रियाविशेषण सांभाळता येत नाही," ती म्हणाली. मीही हसलो. मनात म्हटलं, सुरुवात तर झकास झाली, आता नाही म्हणणार नाही ही.

ट्रंक कॅरिअरवर बांधली. ती चारही आकड्यांत इतकी फिट बसली की उस्तादला दाद द्यावी. बायकोसाठी सायकलरिक्षा केली. रिक्षावाला तेलीबाग म्हटल्यावर कुरकुरला, मग निघाला. आणि अशी आमची मिरवणूक सुरू झाली: डावीकडे रिक्षा, तिच्या बाजूनं झेंडूची माळ घातलेली मोठी स्कूटर, रिक्षाच्या चालीनं. स्कूटरला ती चाल मानवेना. पहिल्या गिअरमध्येसुद्धा ती पुढं पळायची, मग मी ब्रेक लावून थांबायचो, रिक्षा गाठायची, पुन्हा तेच.

छावणीचा रस्ता लागला तशी वर्दळ कमी झाली. ती रिक्षातून जरा पुढं वाकली.

"अहो, एक सांगायचंय."

"सांग की."

"मला मुख्याध्यापिका करतायत. जूनपासून."

नेमका शेजारून एक ट्रक गेला. "काय करतायत?"

"मुख्याध्यापिका!" ती ओरडली. झाडावरचे कावळे उडाले.

रिक्षावाल्यानं पेडल थांबवलं. "क्या हुआ बहनजी? साहब कुछ बोले?"

"कुछ नहीं, भैया. आप चलाइए."

"मग? काय म्हणालीस त्यांना?" मी विचारलं.

"हो म्हणाले."

माझा हात क्लचवरून सुटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. रिक्षा पुढं गेली. मी किक मारली. लागली नाही. दुसरी मारली. रिक्षाचं हूड लहान होत चाललं होतं. तिनं एकदा वळून पाहिलं. मागून कोणी तरी हॉर्न वाजवत होतं आणि मी किक मारत होतो, आणि खरं सांगायचं तर गाडी एवढ्यात लागू नये असंच मला वाटत होतं. पण चांगली गाडी ती. लागली.

मी रिक्षा गाठली तेव्हा माझा चेहरा मी नीट लावून घेतला होता. "अरे वा! मोठ्या बाई! पेढे कुठायत?"

"पिशवीत आहेत. कंदी. घरी गेल्यावर देणार होते."

"आत्ता दे."

"चालत्या गाडीवर?"

दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी मान पुढं काढून तोंड उघडलं. ती रिक्षातून बाहेर झुकली आणि पेढा माझ्या तोंडात घातला. फुटपाथवर दाढी करत बसलेला एक माणूस साबणाच्या फेसातून म्हणाला, "वाह, क्या बात है!" तिनं एक पेढा रिक्षावाल्यालाही दिला.

"किस खुशी में, बहनजी?"

"मैं हेडमास्टरनी बन गई."

"मुबारक हो! तो अब साहब भी उधर ही जाएँगे?"

माझ्या तोंडात पेढा होता. तीच म्हणाली, "नहीं. साहब यहीं रहेंगे."

"अच्छा," रिक्षावाला म्हणाला. लखनौचा 'अच्छा' लांबवावा तेवढा लांबतो. त्याचा तो 'अच्छा' पुलाच्या पायथ्यापर्यंत पुरला.

दोन दिवसांनी आम्ही उस्तादकडे गेलो. मी बायकोची ओळख करून दिली. त्यानं पान थुंकलं, हात धुतले, दोन्ही हात जोडले. "भाभीजी, माफ कीजिएगा. हम समझे आप गेहूँ हैं." मग कुठून तरी त्यानं दुसरी सीट पैदा केली, आणि यावेळी मी 'नीची' म्हणालो, तीनदा म्हणालो, हातानं करून दाखवलं. सीट अगदी बेताची झाली. तिचे पाय नीट टेकले.

महिनाभर आम्ही हिंडलो. इमामबाडा, गोमतीचा काठ, अमीनाबादेत चिकनच्या साड्या. ती मागं बसून सतत बोलायची. वारा शब्द उडवून न्यायचा, म्हणून मी मान डावीकडे कलती ठेवून चालवायची सवय लावून घेतली. तीही अर्धं ऐकायची, मीही अर्धं. बाकीचं ज्याचं त्यानं भरून घ्यायचं. दिवसभर कानावर मराठी. मालकीणबाईंना मी म्हणालो सुद्धा, की तब्येत सुधारलीय.

एकदा संध्याकाळी पुलाच्या माथ्यावर मी मुद्दाम गाडी थांबवली. सूर्य छावणीच्या झाडांमागं गेला होता. मला राहवेना.

"आधीपासून हीच गाडी असती, तर आली असतीस का ग कायमची?"

"गाडीचा काय संबंध?"

"म्हणजे, तुला इथं उतरावं लागायचं ना."

"त्यासाठी घेतलीत होय ही? अहो, मला उतरायला आवडायचं. तेवढेच पाय मोकळे व्हायचे. आणि तुम्ही ते जीव खाऊन पेडल मारताय, हे बघायला मिळायचं." हसली आणि मग थांबली. "तिथं मी वर्गात पाऊल टाकलं की साठ मुली उभ्या राहतात. बाजारात गेले तरी कोणी ना कोणी 'बाई' म्हणून हाक मारतं. इथं मला कोण हाक मारणार? तुमच्या मालकीणबाई मला मराठिन म्हणतात. तुम्ही ऑफिसला गेलात की दिवसभर मी कोण?"

मला उत्तर देता आलं असतं. तिथं तुला साठ जणी आहेत, इथं मला कोण, असं. पण दिवसभर तोंडातून 'ळ' न निघणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. तेच तिच्याही वाट्याला यावं असा आग्रह कोणत्या तोंडानं धरायचा? मी किक मारली. "चला, मोठ्या बाई."

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीजवळची जागा मिळाली होती. गाडी हलली, मी फलाट संपेपर्यंत चालत गेलो, मग बाहेर येऊन स्कूटर काढली.

स्टँडशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. पांढरा कुडता, काळी टोपी, हातात आंब्यांची टोपली. रिक्षांची वाट बघून थकलेले. "बरखुरदार, सदर की तरफ जाना हो तो हमें भी लेते चलिए."

सदर माझ्या वाटेवरच. "आइए, बैठिए."

ते बसले. टोपली दोघांच्या मध्ये. गाडी सुरू झाली, मान आपोआप डावीकडे कलली आणि मी बोलायला लागलो. गाडी वेळेवर सुटली, डब्यात गर्दी बेताची होती, समोर एक बरं कुटुंब होतं, चिवड्याचा डबा मात्र घरीच राहिला, आता वाटेत खाणार काय, उन्हाळ्याचे दिवस, पाणी भरून घेतलंय का कोण जाणे. मागून मधूनमधून येत होतं, "जी." "बेशक." "बजा है." मला आणखी चेव चढला. छावणीतली रस्त्याकडेची झाडं सरकत होती आणि मी बोलत होतो.

सदरला ते उतरले. टोपली खाली ठेवून टोपी नीट केली. "मियाँ, ये कौन सी ज़बान थी?"

तेव्हा कुठं मला कळलं. कानापर्यंत तापलो. "जी... मराठी. माफ कीजिए. आपने टोका क्यों नहीं?"

"आप इतने मन से कह रहे थे. बीच में बोलना अच्छा नहीं लगा." ते जरा घुटमळले. "समझ में तो एक लफ़्ज़ नहीं आया. बस एक नाम बार-बार आ रहा था. गेली. ये गेली कौन हैं? आपके कोई अज़ीज़?"

मी इतका वेळ किती वेळा 'गेली' म्हणालो असेन, देव जाणे. गेली, नीट गेली, बसून गेली, एकदाची गेली. अर्थ सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदललं.

"जी," मी म्हणालो, "हमारी फैमिली हैं."

"खुदा सलामत रखे." त्यांनी टोपलीत हात घातला, चार आंबे चाचपले, त्यातला एक निवडून माझ्या हातावर ठेवला. "ये गेली बेगम के लिए. हमारी तरफ से."

मी आयुष्यात केला नसेल एवढा वाकून आदाब केला. आंबा रुमालात गुंडाळून डिकीत ठेवला आणि तेलीबागेला आलो. त्या दिवशी तो खाववला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, पडवीत उभ्याउभ्याच खाल्ला. गोड निघाला.